आमची गल्ली महापालिकेच्या ताब्यात जाताना

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात आमच्या गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं आणि गल्लीबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर जेमतेम घोट्याइतकं. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता. पण मोठा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा त्याची पातळी चढली आणि आमची गल्ली चाळीस वर्षांपूर्वी होती तिथेच राहिली. बोरिवली पूर्वेचा हा भाग उताराचा. नॅशनल पार्ककडून येणारं पाणी रेल्वेच्या दिशेने धावतं आणि वाटेत खळगा मिळाला की तिथे थांबतं. तो खळगा म्हणजे आम्ही, सात सोसायट्या आणि १४८ घरं. तळमजल्यावरच्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी पहिल्या मजल्यावर नेलं. त्यांचा गॅस, कपाट, औषधांचा डबा, सगळं पाण्यात गेलं.

पाणी ओसरल्यावर मी महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गटार तुंबलंय, रस्त्यात खड्डे पडलेत, कुणीतरी येऊन बघा. उत्तर आलं की हा रस्ता खासगी आहे, त्यामुळे महापालिकेला इथे काम करता येणार नाही.

मी या गल्लीत १९९५ पासून राहते. रस्ता खासगी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मालमत्ता कराच्या बिलात 'पथकर' अशी वेगळी ओळ असते आणि तो आम्ही दरवर्षी भरतो. ती बिलं पिशवीत घालून मी आणि आमचे चेअरमन विभाग कार्यालयात गेलो. परिरक्षण खात्यातल्या एका तरुण अभियंत्याने आमचं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, पथकर शहरातल्या सार्वजनिक रस्त्यांसाठी असतो. तुमच्या रस्त्यावर मी एक पाटी डांबर टाकलं तरी ऑडिटमध्ये मला विचारतील, दुसऱ्याच्या जमिनीवर खर्च का केला." मला राग आला होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग त्याने स्वतःहून एक कागद ओढला आणि त्यावर दोन आकडे लिहून दिले: ३०५ आणि ३०६.

ही मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ ची कलमं. पुढची साडेसहा वर्षं मी या दोन कलमांबरोबर काढली, म्हणून ती नीट सांगते.

खासगी रस्ता समतल केलेला नसेल, त्यावर खडी किंवा फरसबंदी नसेल, सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची सोय नसेल, दिवे नसतील, तर कलम ३०५ खाली आयुक्त त्या रस्त्याला लागून असलेल्या जागांच्या मालकांना हे सगळं करून घ्यायला सांगू शकतात. म्हणजे खर्च त्यांनी करायचा. कलम ३०६ त्याच्या पुढचं. ही कामं आयुक्तांचं समाधान होईल अशी झाली आणि दिव्यांची सोयही झाली, की रस्त्याचा मालक किंवा मालकांपैकी कुणीही एक जण विनंती करू शकतो आणि मग आयुक्तांना तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करावा लागतो. तशी नोटीस रस्त्यावर लावतात. नोटीस लागल्यापासून एक महिन्याच्या आत मालकाने, किंवा रस्त्याच्या निम्म्याहून अधिक भागाच्या मालकाने, लेखी हरकत घेतली तर रस्ता सार्वजनिक होत नाही.

आमचा समज असा होता की शंभरेक सह्यांचं निवेदन दिलं की महापालिका रस्ता घेते. कायदा सह्या मोजत नाही. तो विचारतो, अर्जदार मालक आहे का?

आम्ही मालक नव्हतो. नगर भूमापन कार्यालयातून रस्त्याच्या तुकड्याचं प्रॉपर्टी कार्ड काढलं तेव्हा त्यावर एका जमीनदार कुटुंबातल्या तीन माणसांची नावं निघाली. बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आली तेव्हा इथे शेतं आणि वाड्या होत्या. त्या कुटुंबाने पुढे विकासहक्क एका भागीदारी फर्मला दिले, फर्मने १९७९ ते १९८४ या काळात सात इमारती उभ्या केल्या, सदनिका विकल्या आणि भागीदार पांगले. कुठल्याच सोसायटीला अभिहस्तांतरण करून दिलं नाही, म्हणजे जमिनीची मालकी नावावर करून दिली नाही. इमारतीखालची जमीनही आमच्या नावावर नव्हती, रस्ता तर लांबच राहिला.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मंजूर लेआऊटची, म्हणजे इमारती आणि रस्त्याच्या मूळ आराखड्याची, प्रत मागितली. ती आली त्या संध्याकाळी आम्ही सगळे आमच्या गच्चीवर टॉर्चच्या उजेडात नकाशा पसरून बसलो होतो. मंजुरीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: अंतर्गत रस्ता ३० फुटांचा, पर्जन्य जलवाहिनी आणि दिव्यांसह बांधून महापालिकेकडे सोपवायचा. फर्मने डांबराचा एक पातळ थर टाकला होता, बाकी काहीच केलं नव्हतं. अट तशीच राहिली म्हणून शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालं नाही आणि तिथली माणसं इतकी वर्षं चढ्या दराने पाणीपट्टी भरत राहिली. त्या इमारतीतले एक काका तो कागद हातात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांनी ते घर गिरणीतून मिळालेल्या पैशांत घेतलं होतं.

त्यानंतरची दोन वर्षं रस्त्यासाठी काहीच घडलं नाही असं कुणालाही वाटलं असतं. खरं तर त्याच काळात सगळ्यात महत्त्वाचं काम झालं. एका वकील बाईंनी सांगितलं, "आधी मालक व्हा." मोफा कायद्यात, म्हणजे सदनिकांच्या मालकीबद्दलच्या राज्याच्या कायद्यात, २००८ साली झालेल्या दुरुस्तीमुळे बिल्डर किंवा जमीनमालक अभिहस्तांतरण करून देत नसेल तर सोसायटी थेट जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात ते हेच. एका लेआऊटमध्ये अनेक सोसायट्या असतील तर प्रत्येकीला आपल्या इमारतीच्या जमिनीबरोबर सामाईक रस्त्यात अविभक्त हिस्साही मागता येतो. आमच्या कामाची किल्ली या वाक्यात होती. इमारतीपुरतं कन्व्हेयन्स घेऊन मोकळ्या झालेल्या सोसायट्या मी आजूबाजूला पाहते. रस्ता मात्र मूळ मालकाच्या नावावर तसाच राहतो. अर्ज करताना रस्त्याचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, आणि त्यातला आपला हिस्सा चौरस मीटरमध्ये लिहायला विसरू नये, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

सातही सोसायट्यांनी नमुना ७ मध्ये वेगवेगळे अर्ज केले. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीने स्वयंघोषणापत्र जोडलं. १९८० सालचे करारनामे जमवणं हेच एक मोठं काम होतं. कुणाकडे फक्त झेरॉक्स, कुणाकडे इंडेक्स टू हा नोंदणीचा उतारा नाही, कुणी मूळ मालकाकडून चौथ्या हातात घेतलेलं घर. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुनेच्या मदतीने घरोघर फिरून १४८ पैकी १३९ घरांचे कागद एका गोदरेजच्या कपाटात लावले. आज कुणाला कागद हवा असला तर माणसं नोंदणी कार्यालयात जाण्याआधी वहिनींचं दार वाजवतात.

सुनावणीला मूळ मालकांचे एक वारस आले. त्यांचं म्हणणं होतं की रस्ता त्यांचा आहे आणि महापालिकेला द्यायचाच तर त्याचा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि विकता येणारा बांधकामाचा हक्क, त्यांना मिळायला हवा. त्यांच्याशी आमचं भांडण नव्हतं. आजोबांची जमीन, कार्डावर आजोबांचं नाव, त्यांना तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण याच रस्त्याच्या आधारावर लेआऊट मंजूर झाला, याच रस्त्यावर तोंड करून घरं विकली गेली आणि तो सोपवून देण्याची अट त्यांच्याच वतीने मान्य केलेली होती. आदेश आमच्या बाजूने झाला. मग मुद्रांकाचा अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक शुल्क ठरवून घेणं, दस्त नोंदणी आणि शेवटी नगर भूमापनात फेरफार. मधे करोनाचं वर्ष गेलं. ज्या आजींना खुर्चीतून नेलं होतं त्या त्या काळात गेल्या. २०२१ च्या दिवाळीनंतर रस्त्याच्या प्रॉपर्टी कार्डावर सात सोसायट्यांची नावं चढली. मी ते कार्ड घरी आणून देवासमोर ठेवलं.

यानंतरचा भाग मला जास्त जड गेला, कारण आता समोर कुणी मालक किंवा बिल्डर उरला नव्हता. आम्हीच आमच्या समोर होतो.

आमच्या गल्लीत पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले एक ओव्हरसिअर काका राहतात. मोजणीआधी त्यांनी स्वतः टेप धरून दर दहा मीटरवर रुंदी घेतली आणि वहीत लिहिली. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर. तोंडाशी ९.२० भरली, शेवटी ९.१४. मधे दोन सोसायट्यांच्या समोर ८.३५. कारण तिथे वॉचमनची केबिन होती, तीन मोठे सिमेंटचे कुंड होते आणि एका सोसायटीने कंपाउंडची भिंत २००१ साली नव्याने बांधताना दीड हात बाहेर घेतली होती. नगर भूमापनाच्या मोजणीतही तेच आलं.

हा ऐंशी सेंटीमीटरचा फरक सगळ्यांवर येत होता. विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये पुनर्विकासाचं जादा चटईक्षेत्र, म्हणजे बांधायला मिळणारं जादा क्षेत्र, आणि टीडीआर यांचं गणित रस्त्याच्या रुंदीवर बांधलेलं आहे आणि त्यातला पहिला उंबरठा ९ मीटरचा. रस्ता ८.३५ चा म्हणून नोंदला गेला असता तर आमच्या चाळीस वर्षांच्या इमारतींचं पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. तरीही भिंतवाल्या सोसायटीची सभा तीनदा कोरमअभावी तहकूब झाली. चौथ्या सभेला ओव्हरसिअर काका गेले, वही उघडली आणि एवढंच म्हणाले, "मी मोजलंय. तुमच्यातल्या कुणीही येऊन माझ्याबरोबर परत मोजा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सोसायटीचे पाच जण टेप धरायला आले. महिन्याभरात भिंत मागे गेली. केबिन उचलली. कुंडातली झाडं आमच्या गच्चीवर आली, त्यातला सोनचाफा अजून फुलतो.

पैशांचा वाद त्याहून लांबला. खडीकरण, डांबरीकरण, दोन्ही बाजूंना पावसाच्या पाण्याची गटारं, दिव्यांचे खांब मिळून अंदाज ४१ लाख ६० हजारांचा आला. घरटी साधारण २८ हजार. वन-आरके आणि थ्री-बीएचके यांनी सारखेच का द्यायचे? दुकानवाल्यांनी जास्त का नाही? तोंडाशी असलेल्या सोसायटीचं म्हणणं, आम्ही गल्लीचे वीस मीटरच वापरतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती, नगरसेवक नव्हते, त्यामुळे कुणाच्या निधीतून काही होईल ही आशाही सोडून द्यावी लागली. कुणी म्हणायचं, इतकी वर्षं कर भरून वर रस्ताही आम्हीच बांधायचा आणि बांधून फुकट द्यायचा? याला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी प्रत्येक सभेत मनापासून दिलं. आज २८ हजार द्यायचे ते शेवटचे. यापुढे या रस्त्याचा खड्डा, गटार, दिवा हा मागून घ्यायचा आपला हक्क असेल. शेवटी चटईक्षेत्राच्या प्रमाणात वर्गणी ठरली. नऊ घरांना एकरकमी देणं शक्य नव्हतं, त्यांचे पैसे सोसायट्यांनी राखीव निधीतून भरले. त्यांची नावं कुठल्याही नोटीस बोर्डवर लागली नाहीत, याची काळजी सातही सेक्रेटरींनी घेतली.

कामाच्या वेळी ओव्हरसिअर काकांनी कंत्राटदाराला पहिल्या दिवशी बजावलं की जुना रस्ता खणून काढायचा, त्यावर थर चढवायचा नाही. रस्ता उंच केला की तळमजल्यांची जोती खाली जातात, पाणी घरात शिरतं आणि मुंबईत असं हजार ठिकाणी झालंय. पातळी आहे तिथेच ठेवून गटारांना उतार द्यायचा आणि ती मोठ्या रस्त्याखालच्या जलवाहिनीला जोडायची. ती जोडणी कुठे आणि किती खोल करायची हे पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या अभियंत्यांनी उभं राहून दाखवलं. जोडणीचा खड्डा त्या रात्री दोन वाजता बुजवला. आमच्या गल्लीतली माणसं तोपर्यंत चहा घेऊन तिथे उभी होती.

आणि गेट. २००८ साली लागोपाठ चोऱ्या झाल्या तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं होतं. रात्री अकराला बंद. मुलं त्याच्या आत क्रिकेट खेळत मोठी झाली, कोजागरीला रस्त्यावर सतरंज्या पडायच्या. सार्वजनिक रस्त्याला गेट असू शकत नाही. सर्वांत जास्त विरोध याच गोष्टीला झाला आणि तो मला समजत होता. शेजारी मला विचारायचे, "वहिनी, उद्या बाहेरच्या गाड्या लागतील, माझी मी कुठे लावू?" याला खरं उत्तर एवढंच होतं की हो, लागतील. मी कुणालाही तसं होणार नाही असं सांगितलं नाही. रस्ता सगळ्यांचा झाला की तो सगळ्यांचा होतो. महापालिकेने घ्यावा पण गेट आमचं राहावं, असं दोन्ही मागता येत नाही. मतदान घेतलं. सात सोसायट्यांपैकी पाच गेट काढण्याच्या बाजूने, एक विरोधात, एकीत समसमान. गेट वेल्डरने कापलं त्या दुपारी मी खाली गेले नाही. माझा मुलगा त्या गेटवर लोंबकळून झोके घ्यायचा.

कलम ३०६ चा अर्ज २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिला. रस्त्याचं प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, सातही सोसायट्यांचे ठराव, कामाचे फोटो, गटारांचे काटछेद, दिव्यांचा तपशील. आमच्याकडे रस्त्यावरचे दिवे अदानी इलेक्ट्रिसिटीकडून येतात, त्यांची खांबांबद्दलची कागदपत्रंही जोडली. सगळ्या खात्यांचे अभिप्राय येईपर्यंत डिसेंबर उजाडला. मग एके सकाळी दोन माणसं आली आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना नोटीस चिकटवून गेली.

तो एक महिना फार लांब गेला. वारसांनी हरकत पाठवली असं कळलं तेव्हा पोटात गोळा आला. पण कार्डावर आता त्यांचं नाव नव्हतं. हरकत मालकाची असावी लागते आणि मालक आम्ही सात जणी होतो. जिने गेट काढण्याच्या विरोधात मत दिलं होतं त्या सोसायटीनेही हरकत घेतली नाही. त्यांचे चेअरमन रोज सकाळी फिरायला जाताना नोटीस नीट चिकटलेली आहे ना हे बघायचे, हे मला नंतर दूधवाल्याने सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये रस्ता सार्वजनिक झाला.

बाहेरच्या गाड्या लागतात. रात्री अकरानंतर पूर्वीसारखी शांतता नसते. मे महिन्यात गटारातला गाळ काढायला माणसं आली, कुणीही न बोलावता. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत सहा तासांत कुठे कुठे तीनशे मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी टॉर्च घेऊन जिन्यात उभी होते. पाणी आजींच्या दाराच्या पहिल्या पायरीला लागलं आणि उजाडेपर्यंत उतरलं. पायरी ओलांडली नाही.

त्या पावसात मधल्या चेंबरची जाळी पालापाचोळ्याने तुंबली. मी १९१६ वर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दोन कामगार आले, जाळी उचलली, पाला काढला, जाळी परत बसवली. त्यातल्या मोठ्याने खिशातून पावतीचं पुस्तक काढलं आणि विचारलं, "मॅडम, रस्त्याचं नाव काय लिहू?"

या गल्लीला नाव नव्हतं. पत्त्यात आम्ही कायम अमक्या दुकानाच्या मागे असं लिहीत आलो. मी त्यांना सीटीएस नंबर सांगितला. तो मला पाठ होता.